फ्लेक्सवरचे कॅप्टन, पलटणीतले सुभेदार मेजर

मागच्या उन्हाळ्यात सिन्नरच्या बाजूला एका गावात निवृत्त होऊन आलेल्या सैनिकाची मिरवणूक बघितली. ही पद्धत आता आपल्या जिल्ह्यात चांगलीच रुळली आहे. नाशिकरोड स्टेशनवर हार, मग उघडी जीप, वेशीवर औक्षण, चौकात डीजे आणि वीस फुटी फ्लेक्स. त्या फ्लेक्सवर नावाआधी लिहिले होते: 'सुभेदार मेजर (ऑनररी कॅप्टन)'. शेजारी उभ्या असलेल्या एका कॉलेजच्या पोराने विचारले, "म्हणजे नक्की कोण हो? सुभेदार, मेजर का कॅप्टन?"

झाले. तिथल्या तिथे तीन मते. एक म्हणाला, आधी मेजर होते, मग कॅप्टन म्हणून बढती मिळाली. दुसऱ्याने सांगितले की मेजर कॅप्टनच्या वर असतो, तेव्हा फ्लेक्सवाल्याची चूक. तिसऱ्याने सरळ निकाल दिला: "सुभेदार म्हणजे आपल्या हवालदाराचा साहेब, पोलिसातल्यासारखा." तिघेही चुकले होते, आणि यात त्यांचा दोष फारसा नाही.

मी देवळाली कॅम्पच्या अलीकडे राहतो. सरावाच्या दिवशी आमच्या खिडक्यांची तावदाने थरथरतात आणि नवीन भाडेकरू घाबरून बाहेर येतात. नाशिकरोडला तोफखान्याचे प्रशिक्षण केंद्र, देवळालीला स्कूल ऑफ आर्टिलरी, नाशिकच्याच गांधीनगरला सैन्याच्या हेलिकॉप्टर वैमानिकांची शाळा. इतके सैन्य उशाला असूनही आपल्या डोक्यात सैन्यातली दोनच माणसे असतात: सीमेवरचा जवान आणि कडक इस्त्रीतला साहेब. या दोघांच्या मधला माणूस कुणाला ठाऊक नसतो. फ्लेक्सवर होता तो तोच.

खांद्यावरची ती बारीक पट्टी

सैन्याची इमारत तीन मजली आहे असे धरा. तळमजल्यावर शिपाई. तोफखान्यात त्याला गनर म्हणतात, रणगाड्यांच्या दलात सवार. अनुभव वाढला की त्याच मजल्यावर तो लान्स नाईक, नाईक आणि हवालदार होतो. या पायऱ्यांना एनसीओ म्हणतात, म्हणजे कमिशन नसलेले अधिकारी. आपल्याकडे कमिशन म्हटले की जमिनीच्या दलालाचे दोन टक्के आठवतात, म्हणून सांगून टाकतो: इथे कमिशन म्हणजे राष्ट्रपतींच्या नावाने मिळणारी सनद.

मधल्या मजल्यावर नायब सुभेदार, सुभेदार आणि सुभेदार मेजर. हे जेसीओ, म्हणजे ज्युनिअर कमिशन्ड ऑफिसर. सनद आहे, पण वेगळ्या दर्जाची. 1950 च्या सैन्य कायद्यातही 'ऑफिसर' आणि 'जेसीओ' यांच्या व्याख्या वेगवेगळ्या आहेत. वरच्या मजल्यावर लेफ्टनंटपासून जनरलपर्यंतचे ऑफिसर.

खरी गंमत जिन्यात आहे. वरच्या मजल्याला स्वतंत्र दरवाजा आहे, तो ऑफिसर घडवणाऱ्या प्रशिक्षण संस्थांचा: खडकवासल्याची एनडीए, डेहराडूनची आयएमए, चेन्नईची ओटीए. तिथून एकविशी-बाविशीतला मुलगा किंवा मुलगी थेट वर पोहोचते. मधल्या मजल्याला मात्र रस्त्यावरून दार नाही. धर्मगुरूंसारखे थोडे अपवाद सोडले तर प्रत्येक सुभेदार कधीतरी भरतीच्या मैदानावर धापा टाकत पळालेला, केंद्रातल्या न्हाव्यापुढे डोके वाकवलेला रंगरूट असतो. तळापासून एकेक पायरी चढूनच तिथे पोहोचता येते. नायब सुभेदार व्हायला साधारण दोन दशके जातात. दलागणिक आणि जागा किती रिकाम्या होतात त्यानुसार थोडे मागेपुढे.

आता नाशिकरोडच्या प्लॅटफॉर्मवर ओळखायचे कसे? लेफ्टनंटच्या खांद्यावर दोन तारे असतात, आणि सुभेदाराच्याही दोनच. मेजरच्या खांद्यावर राष्ट्रचिन्ह असते, सुभेदार मेजरच्याही. फरक आहे तो खालच्या आडव्या रंगीत पट्टीचा. पट्टी असेल तर समोरचा माणूस जेसीओ. शिवाय वय बघा. दोन तारे आणि मिशा पांढऱ्या, तर बहुतेक सुभेदार. हवालदाराची खूण बाहीवर: तीन फिती. नाईकाला दोन, लान्स नाईकाला एक.

पायदळाच्या एका पलटणीत, म्हणजे बटालियनमध्ये, सुमारे आठशे माणसे असतात. त्यात सुभेदार मेजर एकच. पलटणीतले त्याला 'एसएम साब' म्हणतात, आणि कर्नलसुद्धा त्याच्याशी बोलताना 'साब' लावल्याशिवाय बोलत नाही.

मग फ्लेक्सवरचे कॅप्टन?

ती मानद पदवी. प्रजासत्ताक दिन आणि स्वातंत्र्यदिनाला सैन्य निवडक जेसीओंना मानद लेफ्टनंट किंवा मानद कॅप्टन करते, बहुतेकांना सेवेच्या अगदी शेवटी. आयुष्यभराच्या नोकरीवर मारलेला मानाचा शिक्का म्हणा. एखाद्या कीर्तनकाराला विद्यापीठाने मानद डॉक्टरेट दिली तर तो दवाखाना थाटत नाही. तसे मानद कॅप्टन झाल्याने माणूस कंपनीचा, म्हणजे पलटणीतल्या एका तुकडीचा, प्रमुख होत नाही. 1987 मध्ये सियाचिनमधली सुमारे एकवीस हजार फुटांवरची चौकी काबीज करणारे परमवीरचक्र विजेते बाना सिंग तेव्हा नायब सुभेदार होते. ते निवृत्त झाले सुभेदार मेजर आणि मानद कॅप्टन म्हणून. आपल्या सिन्नरच्या फ्लेक्सवर होते तेच दोन शब्द.

माझे विचाराल तर त्या दोन शब्दांत 'सुभेदार मेजर' हा जास्त कमावलेला शब्द आहे. फ्लेक्सवाल्याने मात्र कॅप्टन मोठ्या अक्षरात छापले होते.

बागेतला मुकादम, वॉर्डातली सिस्टर

हा माणूस दिवसभर करतो काय? निफाड-दिंडोरीकडच्या कुणालाही द्राक्षबागेवरून लगेच कळेल. मालक ठरवतो की सोमवारपासून विरळणी. पण वीस बायांच्या टोळीत कुणाचा हात हलका, कुणाला उंच वेलीवर घालायची, कोण कालपासून तापाने फणफणली आहे आणि सांगत नाही, हे माहीत असते मुकादमाला. मालकाचे म्हणणे टोळीच्या भाषेत आणि टोळीचे दुखणे मालकाच्या भाषेत, दोन्ही तोच सांगतो. मालक बदलला, बाग विकली गेली, तरी टोळी मुकादमाबरोबरच राहते.

उपमा इथपर्यंतच ताणायची. मुकादम उचल देतो, त्यातून टक्का काढतो आणि त्याच्याबद्दल बायांचे मत नेहमी चांगले असतेच असे नाही. जेसीओला टोळीतून काही मिळत नाही. शिवाय बागेत कुणी गोळ्या झाडत नाही.

दुसरी उपमा मला जास्त पटते. सरकारी दवाखान्यातल्या वॉर्डात पंचवीस वर्षे काढलेली इन-चार्ज सिस्टर आणि कालच डिग्री घेऊन आलेला डॉक्टर. औषध लिहायचा अधिकार डॉक्टरचा. सिस्टर चुकूनही म्हणणार नाही, "डोस चुकला." ती विचारते, "सर, या पेशंटला मागच्या वेळी रिअ‍ॅक्शन आली होती, तेच द्यायचे ना?" शहाणा डॉक्टर कागद परत घेतो. सुभेदार आणि नवा लेफ्टनंट यांचे नाते बऱ्याच अंशी असेच चालते. सगळ्यांसमोर कडक सलाम, आणि चहाच्या वेळी हळूच एक वाक्य: "साब, त्या नाल्यातून रात्री गाडी निघणार नाही."

आमच्या गल्लीत एक निवृत्त सुभेदार राहतात, तोफखान्यातले. आख्खी गल्ली त्यांना सुभेदारकाका म्हणते. त्यांनी सांगितलेला एक प्रसंग. युनिटमधला एक चांगला गनर अचानक चुका करू लागला. आकडा एक सांगितला तर दुसराच लावायचा. तरुण ऑफिसरचे मत पडले की शिक्षा करा. काकांनी दोन दिवस मागितले. रात्री लंगरमध्ये, म्हणजे जवानांच्या भोजनगृहात, त्याच्या शेजारी ताट घेऊन बसले. पहिल्या दिवशी पोरगा काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी चपाती मोडता मोडता सांगून टाकले: गावाकडे भावाने सातबाऱ्यावरून त्याचे नाव काढायला घेतले होते, बायको फोनवर रोज रडत होती. काकांनी त्याला दहा दिवसांची रजा मिळवून दिली आणि कमांडिंग ऑफिसरच्या सहीने जिल्हा सैनिक बोर्डाला पत्र पाठवले. पोरगा परत आला तो नीट होऊन आला.

"शिक्षा केली असती तर?" मी विचारले.

"तर पुढच्या फायरिंगला त्याने काय लावले असते, कुणास ठाऊक," काका म्हणाले आणि पेपर उघडला.

रजा, कर्ज, मुलाची शाळेची ॲडमिशन, दोन जवानांची आपसातली खुन्नस, नव्या रंगरूटाची घरची ओढ, दारूकडे वळलेला हात: युद्ध नसते त्या सगळ्या दिवसांत याच गोष्टी सैन्य आतून मजबूत करतात किंवा पोखरतात. कंपनी हवालदार मेजर हजेरी आणि शिस्त बघतो, क्वार्टरमास्टर हवालदार सामान आणि रसद बघतो, सुभेदार त्या सगळ्यावर नजर ठेवतो, आणि सुभेदार मेजर कर्नलला सांगतो की आज पलटणीचे मन कसे आहे. हे शेवटचे काम कुठल्याही फॉर्ममध्ये भरता येत नाही.

तोफेमागचा 'नंबर वन'

नाशिककर म्हणून तोफेचे उदाहरण द्यायलाच हवे. तोफ डागणारे लोक लक्ष्य बघून डागतात असे आपल्याला वाटते. तसे नसते. लक्ष्य बघणारा ऑफिसर काही किलोमीटर पुढे, एखाद्या टेकडीवर निरीक्षण चौकीत असतो. त्याला शत्रू दिसतो, स्वतःची तोफ दिसत नाही. तोफेवरच्यांना तोफ दिसते, शत्रू दिसत नाही. मधे हिशोब करणारे असतात, ते दिशा आणि उंचीचे आकडे काढून तोफेकडे पाठवतात. डोळे एकीकडे, डोके दुसरीकडे, हात तिसरीकडे.

हातांचा प्रमुख म्हणजे तोफेचा 'नंबर वन', साधारणपणे हवालदार. त्याच्या हाताखाली तोफेच्या प्रकारानुसार पाच-सात माणसे, प्रत्येकाला नंबर आणि ठरलेले काम. 155 मिलिमीटरच्या तोफेचा एक गोळा चाळीस किलोहून जड असतो. लासलगावच्या बाजारातली कांद्याची गोणी उचलून बघा, म्हणजे अंदाज येईल. ती गोणी अंधारात, पावसात, एकामागून एक, तापलेल्या नळीत सारायची. गोळा बरोबर आहे का, दारूचा भार बरोबर आहे का, फ्यूज, म्हणजे गोळा फोडणारी कळ, बरोबर बसला आहे का, आकडे बरोबर लावलेत का, कुणाचा पाय तोफेच्या धक्क्याच्या वाटेत नाही ना, हे सगळे काही सेकंदांत बघून 'रेडी' म्हणायचे ते नंबर वनने. त्याने म्हटल्याशिवाय पुढे काही होत नाही. आकडा एका घराने चुकला तर गोळा आपल्याच पायदळावर पडू शकतो.

अशा सहा तोफांची एक बॅटरी आणि तीन बॅटऱ्यांची एक रेजिमेंट, म्हणजे अठरा तोफा. अठरा नंबर वन. कर्नल कितीही हुशार असो, तो अठरा तोफांमागे एकाच वेळी उभा राहू शकत नाही. कारगिलमध्ये 1999 साली आपल्या तोफखान्याने अडीच लाखांच्या घरात गोळे, बॉम्ब आणि रॉकेटे डागली. त्यातल्या जवळपास प्रत्येक गोळ्यामागे कुणीतरी हवालदार 'रेडी' म्हणालेला आहे.

नोव्हेंबर 2018 मध्ये देवळालीत के-9 वज्र आणि एम-777 या नव्या तोफा सैन्यात दाखल झाल्या, तेव्हा पेपरात फोटो आले ते तोफांचे आणि संरक्षणमंत्र्यांचे. वज्रमध्ये पाच माणसे बसतात, संगणक बराच हिशोब स्वतःच करतो. त्यामुळे अनुभवी हवालदाराची गरज कमी झाली का? उलट वाढली. यंत्र जितके गुंतागुंतीचे, तितके ते कुठे फसवते हे ओळखणारा माणूस दुर्मीळ.

शब्द आपलेच, अर्थ घसरलेला

या पदांची नावे आपल्याला परकी वाटू नयेत, कारण ती आपल्या आडनावांत बसली आहेत. नाईक, हवालदार, जमादार, सुभेदार. मतदारयादी उघडा, चारही सापडतील. शिवकाळात पायदळात नऊ-दहा पायकांवर एक नाईक, पाच नाईकांवर हवालदार, दोन-तीन हवालदारांवर जुमलेदार आणि दहा जुमलेदारांवर हजारी अशी रचना होती. किल्ल्यावरही हवालदार असे आणि गडाच्या किल्ल्या त्याच्याकडे असत. पोलीस स्टेशनातल्या टेबलामागचा हवालदार हा त्या शब्दाचा फार धाकटा अवतार.

सुभेदार त्याहून मोठा. सुभा म्हणजे प्रांत, आणि त्याचा कारभारी सुभेदार. मल्हारराव होळकर सुभेदार म्हणवले जात तेव्हा माळव्याचा महसूल त्यांच्या हातात होता. पुढे कंपनी सरकारने देशी फौजा उभारल्या आणि हेच शब्द उचलून लहान करून वापरले. प्रांताचा कारभारी शंभर शिपायांचा मुखिया झाला, आणि वर सगळे गोरे.

1857 नंतरच्या फौजेतही हाच साचा राहिला. गोऱ्या साहेबाला शिपायाची भाषा, जात, सणवार कळत नसत, तेव्हा मधे एक देशी माणूस हवा. त्याला व्हाइसरॉयच्या नावाने कमिशन दिले गेले. हे व्हीसीओ, म्हणजे व्हाइसरॉय कमिशन्ड ऑफिसर, गोऱ्या शिपायावर हुकूम चालवू शकत नसत. तीस वर्षे नोकरी झालेला सुभेदार कालच आलेल्या गोऱ्या पोराच्या हाताखालीच राही. तरी त्या काळात गावात सुभेदाराचा मान मोठा होता. लष्करी शाळेत शिकवणाऱ्या सुभेदार रामजी सकपाळांनी पोरांना पहाटे उठवून अभ्यासाला बसवले, त्यातले धाकटे पुढे बाबासाहेब आंबेडकर झाले. 1930 साली आपल्या काळाराम मंदिराच्या दारात सत्याग्रह उभा राहिला तो त्यांच्या नेतृत्वाखाली.

स्वातंत्र्यानंतर व्हीसीओचे जेसीओ झाले. 1965 मध्ये 'जमादार' हे पद 'नायब सुभेदार' झाले. बाकी रचना राहिली.

"हुकूम तर साहेबच देतात ना?"

हो. लढाईचा आराखडा, कुठे जायचे, कधी जायचे, हा ऑफिसरचा प्रांत. पण हुकूम तोंडातून निघाला म्हणजे अमलात आला असे नसते. घरातल्या लग्नात वडील म्हणतात "सातला वरात निघेल", आणि प्रत्यक्षात ती कधी निघते ते घोडेवाला, बँडवाला आणि मामा ठरवतात. सातचे सातलाच व्हावे यासाठी मधे कुणीतरी लागतो.

भारतीय पायदळात एक गोष्ट अमेरिकी किंवा ब्रिटिश सैन्याहून वेगळी आहे, आणि ती फारशी कुणी सांगत नाही. त्यांच्याकडे तीसेक जणांच्या प्लाटूनचा प्रमुख तरुण लेफ्टनंट असतो आणि त्याच्या शेजारी अनुभवी सार्जंट, म्हणजे आपल्या हवालदारासारखा. आपल्याकडे बहुतेक प्लाटूनचा प्रमुखच जेसीओ असतो. 23 ऑक्टोबर 1962 रोजी तवांगच्या वर, बुम ला भागात चिनी लाटा अडवणारे सुभेदार जोगिंदर सिंग असेच प्लाटून कमांडर. 10 सप्टेंबर 1965 ला खेमकरण भागात पॅटन रणगाडे फोडणाऱ्या अब्दुल हमीद यांचे पद कंपनी क्वार्टरमास्टर हवालदार, म्हणजे कागदावर सामानाच्या हिशोबाचे. हातात होती जीपवरची तोफ. आणि आपले नाईक यशवंत घाडगे, माणगावकडचे, मराठा पलटणीतले. जुलै 1944 मध्ये इटलीत त्यांच्या तुकडीतले बाकी सगळे मेले किंवा जखमी झाले, तेव्हा ते एकटे मशीनगनवर चालून गेले आणि तिथेच पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. या तिघांपैकी एकही त्या क्षणी साहेबाची वाट बघत थांबला नव्हता.

एक कडू बाजूही आहे. मधला माणूस पूल असतो, तसा बंधाराही होऊ शकतो. तक्रार वर जाऊ द्यायची की इथेच दाबायची, हे त्याच्या हातात येते. "साहेबांपर्यंत कशाला न्यायचे" म्हणत खरी अडचण गिळून टाकणारा जेसीओही असतो, आणि मर्जीतल्यांना रजा आधी देणाराही. म्हणून तर दरबार भरतो: कमांडिंग ऑफिसर सगळ्यांना एकत्र बसवून थेट ऐकतो. पण तिथे उठून बोलण्याची हिंमत जवानाला व्हावी लागते, आणि ती होते की नाही हे पुन्हा सुभेदाराच्या चेहऱ्यावर अवलंबून.

"पोरसवदा लेफ्टनंटला सुभेदाराने सलाम का ठोकायचा?"

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला गेला आहे, आणि त्यात थोडा रागही असतो. सातव्या वेतन आयोगाच्या तक्त्यात लेफ्टनंटचे मूळ वेतन 56,100 पासून सुरू होते, सुभेदार मेजरचे 47,600 पासून. वेतनवाढी साचत गेल्याने जुन्या सुभेदार मेजरच्या हातात प्रत्यक्षात जास्त पडतात, हे खरे. पण सैन्य सेवेचा भत्ता ऑफिसरला 15,500 आणि जेसीओ-जवानांना 5,200, ही दरी निवृत्त सैनिकांच्या बोलण्यात सतत येते. थंडी दोघांना सारखीच वाजते, असे त्यांचे म्हणणे. मला ते चुकीचे वाटत नाही.

सलामाचा मुद्दा वेगळा. सलाम वयाला किंवा ज्ञानाला नसतो, सनदेला असतो. त्या पोराला पुढे तीस वर्षांत ब्रिगेड, डिव्हिजन चालवायची असते, म्हणून तो दोन-अडीच वर्षांनी जागा बदलत राहतो. सुभेदाराचे आयुष्य बहुधा एकाच पलटणीत जाते. एकाला रुंदी हवी, दुसऱ्याला खोली. कर्नल येतात, जातात; 'मागच्या वेळी याच खिंडीत काय झाले होते' हे आठवणारा माणूस तिथेच असतो.

आणि तळातून वरच्या मजल्यावर जायची वाट अगदीच बंद नाही. डेहराडूनच्या आर्मी कॅडेट कॉलेजातून जवान ऑफिसर होऊ शकतो. 1948 मध्ये नौशेराच्या पुढे सुरुंग काढत रस्ता मोकळा करणारे परमवीरचक्र विजेते रामा राघोबा राणे तेव्हा सेकंड लेफ्टनंट होते, पण त्यांची सुरुवात बॉम्बे सॅपर्समध्ये, म्हणजे सैन्याच्या इंजिनिअर दलात, साध्या जवानापासून झालेली.

"इंग्रजांची सोय होती, आता कशाला?"

आता ऑफिसर आपलेच, भाषा आपलीच. मग पूल कशाला? हा आक्षेप बिनबुडाचा नाही, आणि सैन्यातही त्यावर वाद झाले आहेत. माझे उत्तर असे: पूल बांधला दुसऱ्या कारणासाठी, पण आता त्यावरून वेगळी वाहतूक चालते. भाषेची दरी गेली. वयाची, अनुभवाची आणि शहर-गावाची दरी राहिली. पाकिस्ताननेही ही पदे ठेवली, यावरून काय ते समजा.

जगात इतरत्र तर या मधल्या माणसाचे वजन वाढतच गेले आहे. अमेरिकेने 1966 मध्ये 'सार्जंट मेजर ऑफ द आर्मी' हे पद निर्माण केले: आख्ख्या सैन्यात एक, जो थेट सैन्यप्रमुखाला सांगतो की खाली काय चालले आहे. ब्रिटिश सैन्याने तसे पद 2015 मध्ये केले. उलट सोव्हिएत सैन्यात सार्जंट म्हणजे बहुधा सक्तीच्या भरतीतलाच, काही महिन्यांच्या शिक्षणावर फिती लावलेला मुलगा. दोन वर्षांत तोही घरी. मधला मजला पोकळ, त्यामुळे प्रत्येक बारीकसारीक निर्णयासाठी ऑफिसरकडे बघायचे, आणि बरॅकीत जुने नव्यांना छळायचे. युक्रेनने 2014 नंतर ही सवय मोडून सार्जंटांची फळी उभारायला घेतली. 2022 चे युद्ध सुरू झाल्यावर लष्करी अभ्यासकांनी दोन्ही बाजूंच्या कामगिरीत हा फरक पुन्हा पुन्हा दाखवला.

अग्निवीर आणि 2040 चा सुभेदार

आता बातमीतल्या विषयाकडे. जून 2022 मध्ये अग्निपथ योजना जाहीर झाली. अग्निवीर म्हणून चार वर्षांची भरती, आणि त्यातल्या 25 टक्क्यांपर्यंत मुलांना पुढे किमान पंधरा वर्षांसाठी नियमित सेवेत घ्यायचे. सैन्याची पहिली तुकडी 2022-23 च्या हिवाळ्यात प्रशिक्षण केंद्रांत शिरली, आपल्या नाशिकरोडच्या केंद्रातही. तिची चार वर्षे 2026-27 च्या हिवाळ्यात भरतात.

चर्चा होते ती बाहेर पडणाऱ्या 75 टक्क्यांची: नोकरीचे काय, पैशांचे काय, लग्नाचे काय. ती व्हायलाच हवी, निफाड-सिन्नर-येवल्याच्या घराघरात हे प्रश्न आहेत. पण आत राहणारे 25 टक्के हा या लेखाचा विषय आहे, कारण उद्याचे सगळे नाईक, हवालदार आणि सुभेदार त्यांच्यातूनच यायचे आहेत. दुसरीकडून कुठून ते येणार नाहीत; मधल्या मजल्याला रस्त्यावरून दार नाही हे वर आलेच आहे.

बाजूने बोलणारे म्हणतात, चार वर्षे रोज पारखून घेतलेला चौथा मुलगा म्हणजे गाळून घेतलेला माल. पूर्वीपेक्षा चांगला हवालदार मिळेल. यात तथ्य आहे. विरोधात बोलणारे म्हणतात, चौघांपैकी एकच राहणार हे चौघांनाही पहिल्या दिवसापासून माहीत असेल तर ते एकमेकांना सांभाळतील की एकमेकांवर नजर ठेवतील? शेजारच्याची चूक झाकून त्याला शिकवायचे, ही हवालदाराची पहिली शाळा. ती स्पर्धेत कशी भरवायची? यातही तथ्य आहे. निवडीचे निकष कितीही चोख असले तरी धावण्याचे मिनिट-सेकंद मोजता येतात, लंगरमध्ये ताट घेऊन शेजारी जाऊन बसण्याची अक्कल मोजता येत नाही. ती ओळखणारा एकच माणूस तिथे असतो, आणि तो आजचा सुभेदार.

आमच्याकडच्या मैदानावर पहाटे पाचला भरतीची पोरे पळतात. सुभेदारकाका शिट्टी घेऊन उभे असतात, फुकट शिकवतात. 1600 मीटर पळून आल्यावर पोरे गुडघ्यावर हात टेकून विचारतात, "काका, किती मिनिटे?" काका मिनिटे सांगतात, आणि वहीत आणखी एक खूण करतात. एकदा मी ती वही बघायला मागितली. वेळेच्या रकान्यापुढे काही नावांवर बारीक टिंब होते. पहिल्या आलेल्यांच्या नावावर नव्हते. विचारले तर म्हणाले, "मधे एक पोरगा पाय मुरगळून बसला होता, त्याला उठवायला हे थांबले."